घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुताना या चुका टाळा

रोल बिघडला की आपण आधी कॅमेऱ्याला शिव्या घालतो, मग केमिकलला. त्याआधी निगेटिव्हची कड बघा. तिथलं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात, कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. आकडे ठसठशीत, पण सावल्या कोऱ्या? फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. आकडेही फिके? डेव्हलपिंग कमी झालं. आकडे आहेत आणि चित्र एकही नाही, म्हणजे रोल कॅमेऱ्यात सरकलाच नाही. आकडेसुद्धा गायब असतील तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल) मेलेला होता, नाहीतर फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आधी ओतलात. बाटल्यांवर मार्करने मोठ्ठं लिहा.

नाशिकमध्ये खरा घोळ पाण्याच्या तापमानाचा. डेव्हलपिंगच्या वेळेचे तक्ते २० अंशांचे, आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. निफाडकडून थंडीची लाट आली की उलटी तऱ्हा. हट्टाने २० गाठण्यापेक्षा २४वर काम करा आणि वेळ कमी करा: एचपी५ प्लस या फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये (१:१, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून) २०ला १३ मिनिटं लागतात, २४ला साधारण ९. वेळ ५ मिनिटांखाली मात्र नेऊ नका, डेव्हलपिंग डागाळतं.

त्याहून वाईट चूक म्हणजे डेव्हलपर बर्फात ठेवून गार करायचा आणि रोल धुवायला थेट नळाखाली धरायचा. या झटक्याने इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्यावर इलाज नाही. धुण्याचं पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठासारखं यंत्र नाही. मग फिक्सरची बाटली त्याच पाण्याच्या टबात ठेवली की सगळं एका पातळीवर येतं.

पावसाळ्यात फिल्म गुंडाळायचं रीळ दमट राहतं आणि चढवताना फिल्म मध्येच अडकते. जोर लावलात तर चंद्रकोरीसारखे डाग पडणारच. रीळ आधी हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा.

बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके दिसतात. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं. ओल्या फिल्मवर बोट फिरवू नका.

निगेटिव्ह दुधाळ दिसली तर घाबरू नका, फिक्सर थकलाय. ताज्या फिक्सरमध्ये परत घाला, उजेडात चालतं, आणि पुन्हा नीट धुवा. पुढच्या वेळी फिल्मचा कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते बघा. रोलला त्याच्या दुप्पट वेळ द्या.