इम्प्लांटवरच्या क्राऊनसाठी सिमेंट कसे निवडावे

नैसर्गिक दातासाठी सिमेंट निवडताना आपण पकड आणि कीड रोखण्याची क्षमता पाहतो. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला, कीड लागत नाही, त्यामुळे फ्लोराइड सोडणाऱ्या सिमेंटचा तो फायदा इथे कामाचा नाही. इथे आधी दोन गोष्टी ठरवा: उद्या अबटमेंटचा (इम्प्लांट आणि क्राऊन यांना जोडणारा भाग) स्क्रू ढिला झाला तर क्राऊन, म्हणजे वरची दाताची टोपी, न फोडता काढता येईल का, आणि हिरडीखाली उतरलेले सिमेंट एक्स-रेत दिसेल का?

दुसरी गोष्ट हलक्यात घेऊ नका. हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते रुतत नाहीत, नुसते बाजूने धावतात, म्हणून क्राऊन दाबताच सिमेंट सहज खोल जाते. ते तिथेच राहिले की सूज, पू आणि पुढे हाडाची झीज होते. कधीकधी काही वर्षांनी. झिंक ऑक्साइडची टेम्पररी सिमेंटे आणि झिंक फॉस्फेट एक्स-रेत ठळक दिसतात. काही रेझिन सिमेंटे जवळजवळ दिसतच नाहीत. नवे सिमेंट आणले की त्याची 1 मिमी जाडीची चकती सेट करून सेन्सरवर ठेवा आणि एक्स-रे काढा. दिसली नाही, तर ते सिमेंट इम्प्लांटसाठी वापरू नका.

पकड मुख्यतः अबटमेंटमधून येते. उंची 4 मिमीहून जास्त आणि भिंती जवळजवळ समांतर असतील तर टेम्पररी सिमेंट बहुधा पुरते. क्राऊन वारंवार निघत असेल तरच झिंक फॉस्फेटकडे वळा. पुढे रेझिन वापरायची शक्यता असेल तर युजेनॉल (लवंग तेलातला घटक) नसलेले टेम्पररी सिमेंट घ्या. युजेनॉलमुळे रेझिन नीट सेट होत नाही. अबटमेंट 4 मिमीहून बुटके असेल तर सिमेंटचा हट्ट सोडून स्क्रूने बसणारा क्राऊनच करावा.

मार्जिन (क्राऊनची खालची कड) हिरडीखाली 1 मिमीपेक्षा खोल नको. कंपनीने सांगितलेला टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) देऊन स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉन टेप भरा. मग क्राऊनच्या आत साधारण 50 मायक्रॉन जाडीची टेफ्लॉन टेप दाबून बसवा, त्यात बाइट रजिस्ट्रेशनचे (चाव्याचा ठसा घेण्याचे) सिलिकॉन भरा आणि घट्ट झाल्यावर ही नक्कल बाहेर काढून टेप सोलून टाका. क्राऊनमध्ये सिमेंट लावून तो आधी या नकलेवर दाबा, बाहेर आलेले पुसा आणि लगेच तोंडात बसवा. आत टेपच्या जाडीइतकाच थर उरतो.

सेट झाल्यावर फ्लॉस आणि प्लास्टिक किंवा टायटॅनियमचे क्युरेट (खरवडण्याचे हत्यार) वापरा. स्टीलने अबटमेंटवर ओरखडे पडतात. एक्स-रे स्वच्छ आला तरी गालाच्या आणि जिभेच्या बाजूचे सिमेंट इम्प्लांटच्या सावलीत लपलेले असू शकते, म्हणून एक-दोन आठवड्यांनी रुग्णाला बोलावून हलक्या हाताने प्रोबने सगळीकडून तपासा.