दीर्घ गॅमा किरण स्फोटाचा बदलता वर्णपट कसा काढावा

दोन सेकंदांहून अधिक काळ चालणाऱ्या गॅमा किरण स्फोटाचा (दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या प्रखर झोताचा) सबंध कालावधी एकत्र करून काढलेला वर्णपट ही निव्वळ सरासरी असते. शिखर ऊर्जा, म्हणजे ज्या ऊर्जेला स्फोटाचे उत्सर्जन सर्वाधिक असते ती, क्षणोक्षणी कशी सरकत गेली, हे तिच्यातून कळत नाही.

फर्मी उपग्रहावरील जीबीएम या गॅमा किरण स्फोट टिपणाऱ्या उपकरणाची, प्रत्येक मोजणीची वेळ स्वतंत्रपणे नोंदवणारी टीटीई विदा घ्यावी. स्फोटाकडे तोंड असलेले दोन-तीन सोडियम आयोडाइड शोधक आणि अधिक ऊर्जेचे किरण टिपणारा एक बीजीओ शोधक पुरतात. स्फोटाच्या आधीच्या व नंतरच्या शांत काळावर बहुपदी बसवून पार्श्वभूमी ठरवावी आणि आयोडीनच्या के-कडेमुळे (जिथे त्याचे शोषण एकदम बदलते त्या ऊर्जेमुळे) बिघडणारा 33 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा पट्टा वगळावा.

खरी कसोटी काळाचे तुकडे पाडताना लागते. ‘एकेका सेकंदाचे समान तुकडे करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मुळीच ऐकू नये. एका तुकड्यात शिखर ऊर्जा बरीच घसरली, तर अनेक वर्णपट एकमेकांवर चढतात, वक्र पसरट होतो आणि कमी ऊर्जेकडील उतार सांगणारा घातांक अल्फा प्रत्यक्षाहून अधिक ऋण येतो. मग सिंक्रोट्रॉन प्रारणाची (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाची) उणे 2/3 ही मर्यादा, जिच्याहून अल्फा मोठा असू नये, पाळली गेल्याचा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो, आणि बारीक तुकडे केल्यावर तीच मर्यादा ओलांडलेली दिसते. सिग्नल-नॉइज गुणोत्तर समान राखून केलेले तुकडेही मला मान्य नाहीत, कारण त्यांच्या सीमा स्फोटाच्या चढउतारांशी जुळतीलच असे नाही. ज्या शोधकात स्फोट सर्वांत प्रखर दिसतो त्याच्या मोजणीवर बेजियन ब्लॉक्स (मोजणीचा दर खरोखर बदलतो तिथेच सीमा आखणारी पद्धत) चालवून मिळालेल्या सीमाच सर्व शोधकांना लावाव्यात, आणि ज्या तुकड्यांत मोजणी तुटपुंजी आहे ते सरळ सोडून द्यावेत. मात्र ही पद्धत केवळ मोजणीचा दर पाहते. दर स्थिर राहून वर्णपट बदलत असेल तर तिला ते उमगत नाही, म्हणून कठीण व मृदू (अधिक व कमी ऊर्जेच्या) पट्ट्यांतील मोजणीचे गुणोत्तर शेजारी मांडून लांब तुकडे तपासावेत.

पुढे पीजी-स्टॅट (विदा आणि वक्र किती जुळतात हे मोजणारी संख्या) वापरून बँड फलन, म्हणजे शिखराच्या दोन्ही बाजूंना वेगळा उतार असलेला वक्र, बसवावे. अधिक ऊर्जेकडील घातांक बीटा ठरत नसेल तिथे घातांकी ऱ्हासाचा साधा घातनियम पुरे.

शिखर ऊर्जा काळासमोर मांडल्यावर ती सतत उतरते की तेजाबरोबर चढते-उतरते, हे पाहावे. पण हा निर्णय सुट्या स्पंदावरच द्यावा, कारण उतरत्या ऊर्जेचे स्पंद एकमेकांत मिसळले की तेजामागे धावल्याचा आभास होतो. सरावासाठी जीआरबी 130427ए या स्फोटाचा सुमारे अडीच सेकंदांचा पहिला स्पंद घ्यावा. त्यात शिखर ऊर्जा साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते.