पाणी प्यायचं ठरतं, पण प्यायलं जात नाही? या चुका टाळा

पाणी कमी पिणारी बहुतेक माणसं आळशी नसतात. कुठेतरी काहीतरी अडत असतं. बाटलीला वास येतो, पाणी कोमट झालेलं असतं, चव नकोशी लागते, नाहीतर बाटली दुसऱ्या खोलीत राहिलेली असते. काय अडतंय ते न बघता मोबाइलवर दर तासाचा गजर लावला, तर चार दिवसांत हात आपोआप गजर बंद करायला शिकतो आणि पाणी आहे तिथेच राहतं.

आकड्याच्या मागे लागणं

'दिवसाला आठ ग्लास' सगळ्यांना पाठ आहे, पण ग्लास केवढा हे कोणी सांगत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी रोज २ लिटर आणि पुरुषांसाठी २.५ लिटर असं प्रमाण दिलं. त्यात जेवणातलं पाणी, चहा, कॉफी, दूध सगळं धरलेलं आहे. साधारण पाचवा हिस्सा अन्नातूनच येतो. चहा-कॉफीने लघवी थोडी वाढते, तरी प्यायलेलं सगळं पाणी निघून जात नाही, म्हणून तेही खुशाल मोजा. ऊन, घाम आणि अंगमेहनत असेल तर गरज अर्थातच वाढते.

रोजच्या वापरातला ग्लास एकदा मापून घ्या. कोणाचा १८० मिलिलिटरचा निघतो, कोणाचा ३०० चा, आणि आठ ग्लासांत त्याने जवळजवळ एक लिटरचा फरक पडतो. सुरुवातीलाच पाणी दुप्पट करू नका. दिवसभर बाथरूमच्या खेपा होतात, रात्री झोप मोडते आणि आठवड्यात सगळं बारगळतं. आधी एकच ग्लास वाढवा. तो अंगवळणी पडला की दुसरा.

बाटली नुसती विसळणं

सगळ्यात जास्त पाणी इथे अडतं. 'पाण्याला कसलातरी वास येतोय' अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा नसून झाकणाचा असतो. झाकणाच्या आत सिलिकॉनचा वायसर असतो. चमच्याच्या दांड्याने तो अलगद उचलून काढा. महिनोन्महिने न काढलेल्या वायसरखाली बुळबुळीत, तपकिरी किंवा काळपट थर दिसेल. बाटली रोज विसळली तरी पाणी तिथवर पोचत नाही.

वायसर आणि झाकण भांड्यांच्या साबणाने, जुन्या मऊ टूथब्रशने घासा. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा विरघळवून त्यात दोन्ही रात्रभर बुडवून ठेवा. बाटलीतही तेच पाणी भरा. सकाळी स्वच्छ धुऊन सगळं सुटं सुटं, झाकण न लावता वाळवा. ओल्या बाटलीला झाकण लावून ठेवलं की वास पुन्हा येणारच. आत पांढरे डाग असतील तर ते क्षारांचे असतात. त्यांच्यासाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. एवढं करूनही वास गेला नाही तर वायसर बदला, कारण सिलिकॉन वास धरून ठेवतं. म्हणूनच कॉफी आणि सरबताची बाटली वेगळी ठेवलेली बरी. नळीच्या बाटलीला बारीक लांब ब्रश लागतो. तो घ्यायचा नसेल तर रुंद तोंडाची साधी बाटली घ्या.

दोन लिटरची, बाजूला वेळा छापलेली बाटली दिसायला छान असते. पण ती जड, म्हणून कुठे नेली जात नाही, आणि दुपारी मागे पडलेली रेघ बघून माणूस नाद सोडतो. अर्धा ते पाऊण लिटरची पुरे.

चवीवर उपाय न करता घोट रेटणं

क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात काही तास ठेवा, वरून जाळी टाका. बराचसा वास उडून जातो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) असेल तर वास असा जात नाही, त्याला चांगला कार्बन फिल्टर लागतो. उकळलेलं पाणी सपक लागतं, कारण त्यात विरघळलेली हवा निघून जाते. गार झाल्यावर ते दोन स्वच्छ भांड्यांत चार-पाच वेळा उंचावरून ओता, चव सुधारते.

फ्रीजमधलं पाणी दातांना झोंबत असेल तर निम्मं फ्रीजमधलं आणि निम्मं बाहेरचं असं मिसळा. साधारण १५ अंशांचं पाणी बऱ्याच जणांना सहज घटाघट जातं.

दिवसभर तेच लिंबू बाटलीत ठेवणं

एक लिटर पाण्याला लिंबाच्या तीन-चार पातळ चकत्या पुरतात. बिया काढा. सालीखालचा पांढरा भाग पाण्यात राहिला की कडवटपणा उतरतो, म्हणून चकत्या फ्रीजमध्ये दोन ते चार तास ठेवून मग काढून टाका. पुदिन्याची पानं ठेचू नका, नाहीतर ती काळी पडतात. तळहातावर ठेवून एक टाळी मारली की पुरेसा वास सुटतो. काकडीच्या आठ-दहा चकत्या किंवा आल्याचे चार-पाच काप हेही चांगले पर्याय. असं पाणी फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवा, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. त्याच चकत्यांवर दिवसभर पाणी ओतत राहण्यात अर्थ नाही. चव उतरत नाही आणि फळ मात्र खराब होतं.

लिंबू आम्ल आहे. त्याचं पाणी तासन्‌तास घोट घोट घेतलं तर दातांवरच्या आवरणाची झीज होते. ते जेवणासोबत एका बैठकीत प्या, मग साधं पाणी प्या, आणि लगेच दात घासू नका, अर्धा-एक तास जाऊ द्या. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी अजिबात नको, आम्लाने तांबं पाण्यात उतरतं.

वेळ चुकवणं

गजरापेक्षा रोज होणाऱ्या कामाला पाणी जोडा. दात घासल्यावर, जेवायला बसताना, बाथरूमहून परत आल्यावर. संध्याकाळपर्यंत विसरून रात्री एकदम भरपाई करू नका. झोपण्याआधीच्या दोन तासांत घोटभरच.

पुरेसं होतंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळा ठीक, गडद असेल तर पाणी वाढवा. सकाळची पहिली लघवी गडदच असते, आणि बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग भडक पिवळा होतो, तेव्हा त्यावरून अंदाज बांधू नका. वय वाढलं की तहान कमी लागते, त्यामुळे वयस्कर माणसांनी तहानेवर विसंबू नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांनी ठरवून दिल्यापेक्षा जास्त पिऊ नका. निरोगी माणसाची मूत्रपिंडंही तासाला साधारण एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात. थोड्या वेळात खूप पाणी पिऊन डोकं दुखू लागलं, मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं, तर आणखी पाणी न देता लगेच दवाखाना गाठा.