झटपट ड्रायव्हिंग कोर्स आपल्याला मानवेल का?

महाराष्ट्रात अशा कोर्सचे पैसे भरण्यापूर्वी शिकाऊ परवान्यावरील तारीख पाहावी. पक्क्या परवान्याची चाचणी त्या तारखेपासून 30 दिवस उलटल्यावरच देता येते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कोर्स उरकून पुढे तीन आठवडे स्टिअरिंगला हातही न लावणाऱ्याचा क्लचवरचा ताबा नेमका चाचणीच्या दिवशी दगा देण्याची शक्यता असते. घरी सरावाला गाडी आणि शेजारी बसायला पक्का परवाना असलेली व्यक्ती असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार खासगी मोटारीचे प्रशिक्षण किमान 21 दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान 10 तासांचे असावे लागते. म्हणून ‘सात दिवसांत गाडी शिका’ अशी पाटी दिसल्यास रोज किती मिनिटे स्टिअरिंग आपल्या हाती असेल, हे स्पष्ट विचारावे. (एका गाडीत तिघे शिकत असतील, तर उत्तर बहुधा गुळमुळीत मिळते.)

दुचाकीमुळे रहदारीला सरावलेल्यांना सलग शिकणे सहसा जमते. रस्त्याचीच धास्ती असलेल्यांनी मात्र आधी एखादा धडा चढावर घ्यावा. गाडी मागे घरंगळल्यावर मन लवकर सावरत नसेल, तर एक दिवसाआडचे धडे निवडावेत.