आफ्रिकी कंदफुलांचे नाव कसे ठरवावे

गोव्यात अंगणात किंवा कुळागराच्या कडेला फुलणाऱ्या कुठल्याही कंदफुलाला सरसकट 'लिली' म्हणतात. त्यातली आफ्रिकेची कोणती, हे रंगावरून ठरवू नका. पूर्ण उमललेले एक फूल घ्या आणि ब्लेडने देठापासून उभे चिरा. हातमोजे घाला, चिकाने खाज सुटते.

आधी पुंकेसर (परागाचे तंतू) मोजा, मग बीजांडकोश (ज्यात बी धरते तो फुगीर भाग) कुठे आहे ते पाहा. तीन पुंकेसर, बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली, पाने पंख्यासारखी लागलेली: आयरिसचे कुल, म्हणजे ग्लॅडिओलस, फ्रीसिया. सहा पुंकेसर, बीजांडकोश खालीच, पण फुलांचा झुबका बिनपानांच्या दांड्याच्या टोकाला: अमॅरिलिसचे कुल. सहा पुंकेसर, बीजांडकोश पाकळ्यांच्या वर आणि फुले दांड्यावर खालून वर लागलेली: शतावरीचे कुल. ठिपक्यांच्या पानांचा लेडेबुरिया यातलाच. फसवतो तो अ‍ॅगापँथस. त्याचा बीजांडकोश वर असतो, तरी तो अमॅरिलिसच्याच कुलात बसतो. तिथे झुबका पाहावा.

पावसाच्या तोंडावर लाल गोळा होऊन फुलणारी 'फुटबॉल लिली' म्हणजे स्केडॉक्सस मल्टिफ्लोरस. बऱ्याच पाट्यांवर अजून हिमँथस लिहितात, ते चूक. स्केडॉक्ससच्या पानाला देठ आणि ठळक मधली शीर असते. हिमँथसची पाने जाड, बिनदेठाची, बहुधा दोनच. गुणसूत्रेही 18 आणि 16 अशी वेगळी. फ्रीस आणि नॉर्डाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये या दोन प्रजाती (जीनस) वेगळ्या केल्या.

सर्वात जास्त घोळ 'अमॅरिलिस' नावाचा. दांडा आडवा कापा. पोकळ निघाला तर ते दक्षिण अमेरिकेचे हिपिअ‍ॅस्ट्रम. कुंडीत दिसते ते जवळजवळ नेहमी हेच. खऱ्या अमॅरिलिस बेलाडोनाचा दांडा भरीव असतो आणि फुले येतात तेव्हा पाने नसतात. ती दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली, हिवाळी पावसाची आणि कोरड्या उन्हाळ्याची. आपल्या चार महिन्यांच्या पावसात तिचा कांदा कुजायची भीती. पुंकेसरांच्या बुडाशी पांढरी वाटी दिसली तर बहुधा स्पायडर लिली (हायमेनोकॅलिस), तीही अमेरिकेचीच.

पाटीवर आधी प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज). संकर असेल तर मध्ये गुणिले चिन्ह, जसे अमॅरिलिसच्याच कुलातले क्रायनम × पॉवेली. जातीची खात्री नसेल तर फक्त 'क्रायनम' लिहा, कारण अंदाजाने लिहिलेले नाव पुढे रोपांबरोबर घरोघर जाते. मार्करची शाई पावसाळ्यात टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा, आणि कांदा कुठून आणला तेही मागच्या बाजूला लिहून ठेवा.