‘माझुई’ आणि ‘किमाझुई’: बेचव ते अवघडलेले

जपानी शिकताना ‘ओइशिई’च्या (चविष्ट) विरुद्ध ‘माझुई’, ही जोडी आपण सुरुवातीलाच पाठ करतो आणि ‘माझुई म्हणजे बेचव’ एवढ्यावर पुढे बरेच दिवस भागते. भागते, हाच धोका आहे. कागदपत्रांत चूक निघाली किंवा गोपनीय गोष्ट वेळेआधी बाहेर फुटली, की जपानी सहकारी ‘कोरे वा माझुई’ म्हणतात. तेव्हा चवीचा काहीही संबंध नसून ‘हे अंगाशी येणार’ असा त्याचा अर्थ असतो.

मला सर्वांत जास्त छळले ते त्याच्या शेजारच्या ‘किमाझुई’ने, कारण शब्दांच्या याद्यांत दोहोंपुढे ‘अवघड परिस्थिती’ एवढेच लिहिलेले असते. ‘माझुई’ कृतीविषयी आणि तिच्या परिणामांविषयी बोलते, तर ‘किमाझुई’ माणसांमधल्या अवघडलेपणाविषयी. बैठकीत पाहुण्यांचे नाव चुकीचे घेतले गेले, तर ती चूक ‘माझुई’ आणि त्यानंतर पसरलेली शांतता ‘किमाझुई’. ज्याच्याशी काल वाद झाला, त्याच्यासोबत आज लिफ्टमध्ये दोघेच असणे हेही ‘किमाझुई’च. जेवणाला मात्र ‘किमाझुई’ कधीही म्हणू नये.

चवींच्या बाबतीत मराठी माणसाने मुळीच घाबरू नये. ‘शिबुई’ म्हणजे सरळ आपले ‘तुरट’. ‘काकी’ (पर्सिमन) या झाडाच्या काही जातींची फळे इतकी तुरट असतात, की ती सोलून, टांगून वाळवल्यावरच गोड लागतात. ‘शिबुई काओ’ म्हणजे नाखुशीचा चेहरा. ‘एगुई’ म्हणजे अळू किंवा सुरण नीट न शिजल्यास घशाला सुटणारी खवखव. बांबूचे कोवळे कोंब तांदळाच्या कोंड्यासह उकडतात, ते ही खवखव जावी म्हणूनच. इंग्रजी अर्थांची तयार कार्डे पाठ करण्याचा सोपा मार्ग मला म्हणूनच मान्य नाही, कारण घरात असलेला नेमका शब्द सोडून आपण परक्या शब्दाचा अंदाज घोकत बसतो. तरुणांच्या तोंडी ‘एगुई’ हा शब्द ‘भयंकर’ आणि ‘जबरदस्त’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. कान तयार होईपर्यंत तो वापरू नका.

‘कारई’ (तिखट) आणि ‘त्सुराई’ (क्लेशदायक) हे शब्द जपानी चित्राक्षरांत (कांजीत) लिहिताना हुबेहूब सारखे दिसतात. त्यांचा उच्चार संदर्भानेच ठरतो आणि वाचन वाढले की तो आपोआप जमतो.

यजमानांच्या घरी ‘माझुई’ तर नाहीच, पण ‘ओइशिकुनाई’ (चविष्ट नाही) हेदेखील बोचते. पदार्थ खरोखरच खाववत नसेल, तर ‘च्योत्तो निगाते दे...’ (‘मला हे जरा जमत नाही, त्यामुळे...’) म्हणून वाक्य अर्धेच सोडावे. पुढचे यजमान समजून घेतात.