जुनी थार की जुनी जिम्नी: गोव्यातल्या वाटांसाठी गाडी निवडताना

गोव्यात फोर-व्हील-ड्राइव्हची जुनी गाडी शोधणाऱ्याची निवड बहुतेक वेळा महिंद्रा थार आणि मारुती सुझुकी जिम्नी या दोन नावांपाशी येऊन थांबते. या लेखात थार म्हणजे ऑक्टोबर २०२०मध्ये आलेली नवी पिढी आणि जिम्नी म्हणजे जून २०२३मध्ये आलेली पाच दारांची गाडी असे धरले आहे. दोन्ही गाड्या ३९८५ मिलिमीटर लांब असून लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या आहेत, आणि थारची फोर-बाय-फोर आवृत्ती घेतली तर लो-रेंज गिअरही, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा गिअर, दोन्हींत मिळतो. कागदावर त्या बरोबरीच्या वाटतात, पण आपण गाडी प्रत्यक्षात कुठे नेणार आहोत, खाऱ्या हवेत आणि पावसात तिच्या पोटाखालचे लोखंड कितपत टिकले आहे आणि आजवर ती कोणत्या नोंदणीवर चालली आहे, यांवरच निवड ठरायला हवी. इंजिनाची ताकद हा त्यानंतरचा विषय आहे.

गाडी कुठे नेता येत नाही, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. समुद्रकिनाऱ्यावर वाहन उतरवण्यास गोव्यात बंदी आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत सागरी कासवे अंडी घालतात, हे लक्षात घेतले तर या बंदीबद्दल कुरकुर करण्यासारखे काही उरत नाही. दूधसागराच्या पायथ्याशी जाणारी वाट ओहळांतून जाते, पण तेथे कुळे येथून सुटणाऱ्या स्थानिक जीपनेच जावे लागते. स्वतःची गाडी नेता येत नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९मध्ये घोषित झालेली अभयारण्ये आहेत, आणि त्यांच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय आडवाटेने गाडी घालणे हा गुन्हा ठरतो. मग उरतात ते चोर्ला आणि अनमोड घाटांचे रस्ते, सत्तरी, सांगे व काणकोण तालुक्यांतील वाड्यांकडे चढणाऱ्या मातीच्या वाटा, ओळखीच्या माणसाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरणारा उतार, आणि सीमा ओलांडल्यावर तिळारी व आंबोलीचा परिसर. म्हणजे प्रवासाचा मोठा भाग अरुंद डांबरी रस्त्यावर होतो आणि शेवटचा थोडा भाग निसरड्या तांबड्या मातीत. जाहिरातीतली दृश्ये बाजूला ठेवून या प्रमाणाशी गाडी जुळवून पाहावी.

अरुंद रस्त्यावर जिम्नी सरस ठरते. तिची रुंदी १६४५ मिलिमीटर आहे आणि थार तिच्यापेक्षा निदान १७ सेंटीमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या वाड्यावरच्या रस्त्यात समोरून मिनीबस आली की हा फरक लगेच कळतो. जिम्नीचे वजन सुमारे १२०० किलो, तर थारचे त्याहून जवळजवळ अर्धा टन अधिक असल्यामुळे ओल्या मातीत जिम्नी कमी रुतते, आणि रुतलीच तर चार माणसांच्या धक्क्याने निघण्याची आशा असते. तिचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड असल्याने खाचखळग्यांत चाके जमिनीला धरून राहतात. महामार्गावर मात्र स्टिअरिंग थोडे सैल वाटते. थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने वेगात ती अधिक स्थिर वाटते.

खोल चिखल आणि पाणी यांत थारचे पारडे जड आहे. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २२६ मिलिमीटर आहे, जिम्नीचा २१०. थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे. जिम्नीला तेवढ्या पाण्यात घालू नये. थारच्या काही आवृत्त्यांत मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरला, यांत्रिक लॉक असतो. एक चाक चरात अधांतरी राहिले तरी दुसऱ्या चाकाला ओढ मिळते. जिम्नीत हेच काम ब्रेककडून होते: फिरत्या चाकाला ब्रेक लागून जोर दुसऱ्या चाकाकडे जातो, आणि त्यासाठी चाक फिरू लागल्यावरही चालकाने अ‍ॅक्सिलरेटर न सोडता स्थिर ठेवावा लागतो. जुन्या चिरेखाणीच्या कडेसारखा उंचवटा ओलांडताना जिम्नीचा लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर), म्हणजे २५९० मिलिमीटर, अडचणीचा ठरतो आणि पोट टेकते. उलट ओहळातून वर चढताना तिचा मागचा भाग घासत नाही, कारण तिचा डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा बंपर न घासता पार करता येणाऱ्या चढाचा कोन, ५० अंश आहे आणि थारचा ३७ अंशांच्या आसपास.

घाटाचा प्रश्न वेगळा आहे. जिम्नीचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन १०५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि १३४ न्यूटन मीटर एवढेच बळ देते. चार माणसे, सामान आणि एसी यांसह चोर्ला चढताना गिअर सतत खाली आणावा लागतो, आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तर इंजिनाचा आवाज कंटाळा आणतो. थारचे २.२ लिटर डिझेल १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन मीटर देते. वरचेवर बेळगावला जाणाऱ्याने तेच पाहावे. थारची टाकी ५७ लिटरची आहे आणि जिम्नीची ४० लिटरची, पण गोव्याच्या अंतरांत या फरकाला फारसा अर्थ नाही. मागच्या सीटवर वडीलधारी माणसे बसणार असतील, तर तीन दारांची थार विचारातच घेऊ नये.

थार पाहायला जाताना एक गोष्ट आधी फोनवरच विचारून घ्यावी. जानेवारी २०२३पासून थार केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीतही विकली गेली आहे, आणि ती लांबून अगदी फोर-बाय-फोरसारखीच दिसते. विकणारा ‘थार’ एवढेच सांगतो आणि घेणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. गिअरच्या शेजारी, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या ट्रान्स्फर केसचा दुसरा दांडा आहे की नाही ते पाहावे आणि आरसीवरील मॉडेलचे पूर्ण नाव वाचावे. भारतात विकलेली प्रत्येक जिम्नी फोर-व्हील-ड्राइव्हच असल्याने तिथे हा घोळ होत नाही.

गोव्यात याहून मोठा धोका भाड्याच्या गाड्यांचा आहे. पर्यटकांना स्वतः चालवायला दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्यांत थार फार मोठ्या संख्येने आहेत आणि जिम्नीही दिसतात. अशी गाडी पुढे खासगी नोंदणीत बदलून विकली जाऊ शकते. आठवड्याला नवा चालक, अर्धवट दाबलेला क्लच आणि कोरड्या डांबरावर हौसेने लावलेला फोर-हाय (नेहमीच्या वेगात चारही चाके ओढणारी जोडणी), असे तिचे आयुष्य गेलेले असते. या गाड्यांत कोरड्या रस्त्यावर फोर-हाय लावून वळणे घेतल्यास पुढच्या-मागच्या चाकांच्या गतीतला फरक कुठेच सुटत नाही आणि सगळा ताण ट्रान्स्फर केस व शाफ्टवर येतो. म्हणून आरसीचा पूर्वेतिहास, विम्याच्या जुन्या पॉलिसींवर नोंदलेला वाहनवर्ग आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी चासिस क्रमांकावरून तपासाव्यात. मीटरवरचा आकडा या नोंदींशी जुळला नाही तर पुढे बोलणीच करू नयेत.

तपासणीचा खरा वेळ गाडीच्या खाली घालवावा. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेण्यास विकणारा तयार नसेल, तर तेच उत्तर समजावे. किनाऱ्यालगतची खारी हवा, भरतीच्या वेळी खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या) बांधावरील रस्त्यावर चढणारे खारट पाणी आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, यांमुळे येथे गंज वरून दिसण्याआधी आतून धरतो. चासिसच्या पेटीसारख्या आडव्या भागांना पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती तांबड्या मातीने बुजलेली असतील तर आत ओल साठलेली असणार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकावे. चांगले लोखंड खणखणते आणि खाल्लेले लोखंड बद्द वाजते. सस्पेन्शनचे कंस चासिसला जिथे जोडले आहेत ते जोड, शॉकअब्सॉर्बरची खालची टोके, ब्रेकच्या नळ्या आणि स्टेपनीचा ब्रॅकेट या जागा विशेष पाहाव्यात. ताजा काळा रंग सर्वत्र फासलेला दिसला तर समाधान नव्हे, संशय वाटावा. विक्रीच्या आधल्या आठवड्यात मारलेले अंडरकोटिंग गंज थांबवत नाही, फक्त झाकते.

दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस यांचे फिलर बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यावे. ते दुधट झाले असेल तर गाडी खोल पाण्यात गेली होती आणि नंतर कोणी तेल बदललेले नाही. सीटचे रुळ, कार्पेटच्या खालचा पत्रा आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टचे टोक येथे मातीच्या रेषा असतील, तर ती पुरात बुडालेली गाडी असू शकते. सॉफ्टटॉप थार असल्यास शिवणी आणि मागच्या सीटखालची बुरशी पाहावी. वर्षभर उघड्यावर उभी राहणार असेल तर गोव्यात हार्डटॉपच घ्यावी. फेब्रुवारी २०२१मध्ये महिंद्राने ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १५७७ डिझेल थार कॅमशाफ्टच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर हे काम झाल्याची नोंद मागून घ्यावी.

चाचणी डांबरावर संपवू नये. गाडी मोकळ्या खडीच्या किंवा मातीच्या मैदानावर न्यावी, फोर-हाय लावावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरावे. पुढची चाके खरोखर जोडली गेली असतील तर गाडी कुणी मागून धरल्यासारखी जड चालते. टू-हायइतकीच, म्हणजे फक्त मागची चाके ओढत असतानाइतकीच, अलगद वळली तर जोडणी होत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागलेला का असेना. नंतर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून लो-रेंज लावावा आणि एखादा चढ पहिल्या गिअरमध्ये चढून, ब्रेक न लावता उतरावा. गिअर उडाला, खटखट ऐकू आली किंवा दांडा दोन-तीन प्रयत्नांनंतरच बसला, तर दुरुस्तीचा खर्च मेकॅनिककडून आधी काढून घ्यावा.

मोठे टायर, विंच, बदललेले बंपर यांना किमतीत वाढ म्हणून मोजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बांधणीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि मोठ्या टायरांमुळे बेअरिंग व क्लचवर पडलेला ताण शेवटी आपल्याच वाट्याला येतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५, आणि परराज्यातली गाडी असेल तर तेथील आरटीओची एनओसी लागते. बाहेरची पाटी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे चालवता येत नाही, आणि नव्या नोंदणीचा रस्ता कर गाडीच्या किमतीत धरावा लागतो; पुण्याहून स्वस्तात आणलेली गाडी त्यानंतर तितकी स्वस्त राहत नाही. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.

जिम्नीचा भाव ठरवताना २०२३च्या अखेरीस नव्या गाडीवर मिळालेली मोठी सूट लक्षात ठेवावी. विकणारा छापील किमतीवरून घसारा मोजतो. आपण त्याने प्रत्यक्ष भरलेल्या पावतीवरून मोजावा. दोन माणसांच्या भटकंतीसाठी, गावात राहून चालवण्यासाठी, माझी पसंती एकाच मालकाने वापरलेल्या मॅन्युअल जिम्नीला आहे. घाटावर नियमित जाणे किंवा चिखलातल्या बागायतीत रोजचे काम असेल, तर खासगी नोंदणीतलीच हार्डटॉप डिझेल थार घ्यावी. मात्र आवडत्या मॉडेलच्या चासिसला गंज असेल आणि दुसरी गाडी खालून स्वच्छ असेल, तर दुसरीच घ्यावी, कारण क्लच नवा बसतो, खाल्लेली चासिस बदलणे परवडत नाही.

व्यवहारानंतर किमतीचा सुमारे दहावा भाग हाताशी ठेवावा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांची तेले पहिल्याच महिन्यात बदलावीत, टायरांच्या बाजूवरील चार अंकी आकड्यातून त्यांचा आठवडा व वर्ष वाचून जुने टायर काढून टाकावेत. चासिसच्या पेट्यांत गंज रोखणारे मेण फवारण्याचे काम मे महिन्यात, लोखंड पूर्ण कोरडे असताना उरकावे; जूनमध्ये ते केले तर ओल आतच कोंडली जाते.